दिवसा टाकलेली राख

तांडापेठ, नागपूर
८ फेब्रुवारी १९८४

देवाजीभाऊ, तुळसाबाई निमजेचा जय भीम.

काल आपल्या जहाजी मंडळातले दादाजी तुमचं ओळखपत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले. चिठ्ठी नाही, निरोप नाही. विचारलं तर म्हणाले, "मी काय करू वं तुळसाबाई? त्यानं माह्या खिशात कोंबलं न् कळमेश्वरच्या एसटीत चढून गेला." ते कार्ड मी गव्हाच्या कोठीत ठेवलं आहे. चिटणीस म्हणून ते अध्यक्षांकडे द्यायला हवं, पण आपल्या नियमात राजीनामा लेखी लागतो आणि तुम्ही तर एक अक्षर लिहिलेलं नाही. तेव्हा तुम्ही अजून सभासद आहात. रुसून बसायचं असेल तर सभासद म्हणून रुसा.

रविवारी जे झालं ते माझ्यामुळे झालं, हे आधी कबूल करते. मंडळाला पंचवीस वर्षं होतात म्हणून इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं, लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मला आपली हौस, की लढाईत बुडालेल्या प्रत्येक जहाजाची खलाशांची यादी पुस्तकात असावी. मुंबईच्या जहाज कचेरीला चार पत्रं मीच टाकली. 'थॉर्नबेरी'ची यादी आली ती अध्यक्ष म्हणून मारोतरावांच्या पत्त्यावर. त्यांनी पाकीट सभेतच फोडलं आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. देवाजी मेश्राम, भट्टीवरचा आगवाला, आजारी, कराचीच्या दवाखान्यात उतरवला, नऊ सप्टेंबर एकोणीसशे बेचाळीस. जहाज बुडालं तीन ऑक्टोबरला.

"म्हंजे तू जहाजावर होताच नाही गा?" मारोतराव म्हणाले. "बावीस वर्सं या बाईच्या समोर बसून कायची गोठ सांगून राहिला तू?"

तुम्ही उठलात, चपला पायात घालायचं भान राहिलं नाही, हातातच घेऊन जिना उतरलात. मी मागून हाक मारली होती. इतवारीच्या त्या गल्लीत हातगाड्यांचा एवढा गलका असतो, की तुम्हाला ती ऐकू आली नसेल असं मी धरून चालते.

भाऊ, मी हे पत्र भांडायला लिहीत नाही. आभार मानायला लिहिते आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुम्हाला ठाऊक नाही.

आमच्यांनी आणि तुम्ही सन चाळीस साली एकाच दिवशी गिरणी सोडली. मागाला सूत मिळत नव्हतं म्हणून हा कोष्ट्याचा पोरगा बॉयलरवर गेला होता, तुम्ही तिथे आधीपासून होतात. मुंबईचा सारंग, खलाशांचा मुकादम, माणसं शोधत आला आणि म्हणाला, ज्यानं नागपूरचा उन्हाळा बॉयलरपुढे काढला त्याला जहाजाची भट्टी म्हणजे थंड हवेचं ठिकाण. त्या गमतीवर दोघं हसलात आणि गेलात. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. दोन वर्षं त्यांची पत्रं येत राहिली. शेवटचं ऑगस्ट बेचाळीसचं: 'मुदत भरली, दिवाळीला घरी येतो.'

दिवाळी आली, ते आले नाहीत. मग कचेरीचं इंग्रजी पत्र आलं. शाळामास्तरांनी वाचून दाखवलं: जहाज बुडालं, लहानू निमजे बेपत्ता, बहुधा मृत. त्या 'बहुधा'नं माझी वीस वर्षं खाल्ली. माझ्या सासूबाई, जनाबाई, म्हणायच्या, "मेला असता त कोनी तरी पाहिला असता. येतो म्हनून लिवलं न् आला नाही, म्हंजे बाई ठेवली असन तिकडं." गल्लीत कोणी मुंबईला जाऊन आलं की त्याला हटकून माझा नवरा दिसायचा. कोणाला तो डॉकयार्डात दिसला, कोणाला एका गुजरातणीबरोबर. मी कुंकू लावलं तर लोक हसत, पुसलं तर सासूबाई धावून येत. येतो म्हणून लिहिलं आणि आला का नाही, एवढाच एक प्रश्न होता माझा. देवाला तोच विचारला, मास्तरांना तोच विचारला.

सन बासष्टमध्ये इतवारीत पेढीवर लुगडी द्यायला गेले आणि भांड्यांच्या दुकानावर ती पाटी वाचली: 'नागपूर माजी जहाजी कामगार मंडळ'. वर शिडाचं जहाज काढलेलं. (त्या शिडावरून मारोतराव आणि पेंटर यांचं भांडण झालं होतं, हे नंतर कळलं. कोळशाच्या माणसांना शीड कशाला, म्हणून.) मी गाठोडं घेऊन तशीच जिना चढले आणि विचारलं, 'थॉर्नबेरी'वर कोण होतं? सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात. चाळीस साली याच अंगणात सासूबाईंनी तुम्हाला वरून पाणी ओतलं होतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आंदर ये, खाटेवर बस, न् खरं सांग." तुम्ही सांगितलंत. दुपारचे दोन वाजले होते, तुम्ही राखेची बादली समुद्रात टाकायला वर आला होतात, तेवढ्यात टॉर्पेडो लागला. लहानू खाली भट्टीवर. पाणी भरायला लागलं तसा त्यानं लोखंडी दरवाजा खांद्यानं धरून ठेवला, दोघं त्याच्या काखेखालून निघाले, आणि तो राहिला. लढाईमुळे त्याची सुट्टी रद्द झाली होती, म्हणून मुदत भरूनही तो जहाजावरच होता.

सासूबाई वीस वर्षांत पहिल्यांदा पोरासाठी रडल्या. तेरवी झाली. गल्लीतल्या बायका तोंड लपवून जेवायला आल्या. मी त्या दिवशी रीतसर विधवा झाले, आणि खरं सांगते, माझा नवरा त्या दिवशी मला परत मिळाला. हे तुम्ही दिलंत. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण तेव्हा रडण्यातून वेळच मिळाला नाही.

तेव्हा या. चार मार्चला पहिला रविवार आहे, दुपारी चारला.

तुमची वहिनी,
तुळसाबाई


५ मार्च १९८४

देवाजीभाऊ, जय भीम.

काल तुम्ही आला नाहीत. पत्राचं उत्तरही नाही. ठीक आहे, मला काही घाई नाही. लुगड्याच्या काठाला बसते तशी बसेन.

हाजिरी झाली. नेहमीप्रमाणे मारोतरावांनी पितळी परातीवर आठ टोले दिले. खालच्या दुकानदाराला आता त्याची एवढी सवय झाली आहे, की तो त्यावर घड्याळ लावतो. मग नावं. बुडालेल्यांची आधी. हा आपला रिवाज मी पुस्तकात पहिल्याच पानावर घेतला आहे: बुडालेल्या माणसाचं नाव यादीतून काढायचं नाही, त्याच्या वतीनं कोणीतरी हाजीर म्हणायचं. 'लहानू निमजे' म्हटल्यावर मी 'हाजीर' म्हटलं. मग जिवंतांची नावं. 'देवाजी मेश्राम' म्हटलं आणि मारोतराव थांबले. नियमानं जिवंत माणसाच्या वतीनं कोणाला हाजीर म्हणता येत नाही. मग चष्मा पुसून पुढचं नाव घेतलं. चहा कोणी संपवला नाही.

इतिहास लिहिते आहे. तुमच्याशिवाय लिहिणं जड जातं. अंबाझरीचं प्रकरण लिहून झालं. नागपूरला समुद्र नाही म्हणून बुडालेल्यांची फुलं तलावात सोडायची, ही कल्पना तुमचीच. पहिल्या वर्षी तलावाच्या चौकीदारानं हटकलं, "इथं निर्माल्य टाकाले मनाई हाय," तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत, "मंग समुद्र कुठं हाय सांग गा, तिकडं जातो." तो बिचारा टोपी काढून उभा राहिला, आणि दरवर्षी आपल्याबरोबर तोही फुलं सोडायला लागला. हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे.

एकाहत्तरचं प्रकरण लिहायला बसले आणि पेन अडला. सासूबाई सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होत्या. मे महिना. घरात मी एकटी. मारोतरावांनी माझं काही न ऐकता जहाजासारख्या पाळ्या लावल्या. चार तास एकानं बसायचं, मग दुसऱ्यानं. नर्सबाई हैराण झाल्या होत्या. दर चार तासांनी एक म्हातारा येतो, दुसरा उठतो आणि त्याला सांगतो, ताप उतरला, पाणी दिलं, लघवी झाली, सब ठीक. दादाजी तर सवयीनं वाऱ्याची दिशाही सांगायचे. बारा ते चारची पाळी तुम्ही मागून घेतलीत, कारण त्या पत्र्याच्या वॉर्डात ती सगळ्यात वाईट.

नवव्या दिवशी सासूबाईंना वाटलं तुम्ही लहानू आहात. तुम्ही त्यांना खोडलं नाही. "आलो ना माय," म्हणालात. मी दाराशी होते, मी ऐकलं. अकराव्या दिवशी तुमच्या पाळीत त्या गेल्या. शेवटचं पाणी तुमच्या हातचं. ज्या बाईनं तुम्हाला वरून पाणी ओतलं तिला तुम्ही मांडीवर डोकं घेऊन चमच्यानं पाजलंत. मी तेव्हा 'उपकार झाले' असं काहीतरी पुटपुटले. पोटच्या पोरानं केलं असतं तेवढं तुम्ही केलंत, हे बोलायला हवं होतं. आज लिहिते आहे.

एवढं करणाऱ्या माणसाला एका यादीवरून कोणी हाकलू शकत नाही. स्वतःला तुम्हीच हाकललंत.

तुळसाबाई


२ एप्रिल १९८४

देवाजीभाऊ,

कालच्या हाजिरीलाही तुम्ही नव्हता. आता मी एक शब्द मोडते. पंधरा वर्षांपूर्वी मारोतरावांना दिलेला. ते रागावतील, रागावू देत. त्यांना रागवायला कारण लागतं असंही नाही.

तुम्हाला वाटतं, फेब्रुवारीत तुमचं खोटं पहिल्यांदा उघडं पडलं. भाऊ, ते पहिल्याच दिवशी उघडं पडलं होतं. तुमच्या गोष्टीतली राख दिवसा टाकलेली होती.

सन एकोणसत्तरच्या पावसाळ्यात आपण चहा घेत होतो, तुम्ही त्या दिवशी नव्हता. दादाजी लढाईतली एक हकीकत सांगत होते. एका नव्या खलाशानं भर दुपारी राखेची बादली समुद्रात ओतली, तर कप्तान स्वतः खाली आला आणि त्यानं त्याचं बखोट धरलं. कारण राख-कोळसा मैलभर तरंगत राहतो आणि पाणबुडीला जहाजाची वाट दाखवतो. लढाईत राख दिवसभर साठवायची आणि अंधार पडल्यावरच टाकायची, हा सगळ्या जहाजांचा कायदा होता. दादाजी सांगून गेले आणि मग माझ्याकडे पाहून त्यांचा कप हातातच राहिला.

मी घरी आले. दोन दिवस मागावर बसले नाही. दुपारी दोनला राख टाकायला देवाजी वर आला, हे खोटं, तर मग दरवाजा? तर मग तो दरवाजा धरलेला खांदा? तिसऱ्या दिवशी मारोतरावांकडे गेले. ते ओट्यावर दाढी करत होते. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? साबण लावलेल्या तोंडानं ते म्हणाले:

"आमाले सर्वायले पहिल्याच दिवशी समजलं वं. दोन वर्सं ज्यानं अंधाराची वाट पाहून राख टाकली, तो मानूस तुह्या सासूच्या समोर घाबरला न् भर दुपारी बादली ओतून मोकळा झाला. आमी समजलो, पळाला असन खालून, शरमून राहिला. पन त्या गोठीनं तुह्या घरातली शिवीगाळ थांबली. मंग आमी काहून बोलाव? न् तू बी बोलू नको. त्याले माहीत झालं, त तो उद्यापासून येनार नाही."

म्हणून मी बोलले नाही. पंधरा वर्षं. दर तीन ऑक्टोबरला अंबाझरीवर तुम्ही ती गोष्ट सांगत होतात आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. सुरुवातीला दरवाजातून दोघं निघाले होते. अडुसष्टमध्ये तिघं झाले. पंचाहत्तरपर्यंत सात. दादाजी एकदा माझ्या कानात म्हणाले, "एवढे मानसं त्या भट्टीखान्यात मावत बी नाही वं." आणि तरी त्यांनी मान डोलवली. तुम्ही माझ्यासाठी गोष्ट सांगत होतात, ते माझ्यासाठी ती ऐकत होते, आणि मी तुम्हा सगळ्यांसाठी ऐकत होते. असं मंडळ कुठं असेल? मला पुस्तकात खरं तर हेच लिहायचं आहे आणि हेच लिहिता येत नाही.

मारोतराव फेब्रुवारीत चिडले ते खोटं बोललात म्हणून नव्हे. ते इतकी वर्षं समजत होते, की तुम्ही निदान त्या जहाजावर होतात. आपल्याच माणसाचं आपल्याला कळलं नाही, याचा त्यांना राग. आता रोज संध्याकाळी दादाजींना विचारतात, "देवाजीची काही खबर?"

खबर द्या.

तुळसाबाई


२८ एप्रिल १९८४

देवाजीभाऊ,

तुमच्या सुनेचं, प्रेमलताचं, कार्ड मिळालं. पोरीचं अक्षर चांगलं आहे. लिहिते: 'मामाजी पत्रं वाचतात आणि उशीखाली ठेवतात. जेवण कमी झालं आहे. विचारलं तर म्हणतात, तुळसाबाईला अर्धंच माहीत आहे, सगळं माहीत झालं तर ती पत्र लिहिणार नाही.'

देवाजीभाऊ, मला सगळं माहीत आहे.

त्या रविवारी मारोतरावांनी तुमची ओळ वाचली आणि आवाज चढवला, पुढचं कोणी वाचलं नाही. यादी मी घरी आणली. कागद इंग्रजी, पण बावीस वर्षं चिटणीस आहे, नावं आणि तारखा मला वाचता येतात. लहानू निमजे हे नाव त्या यादीत दोनदा आहे. एकदा वर, बाकीच्यांबरोबर, आणि ते खोडलेलं: मुदत भरली, कराचीला मोकळा केला, सात सप्टेंबर. आणि एकदा अगदी शेवटी, वेगळ्या शाईत: लहानू निमजे, आगवाला, नऊ सप्टेंबर, देवाजी मेश्रामच्या जागी.

खोटं कशाला बोलू, ती ओळ वाचून मला तुमचा राग आला. एक अख्खा दिवस आला. ते मोकळे झाले होते. दोन दिवस मोकळे होते. त्या दोन दिवसांत गाडीत बसले असते, तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, आणि ते तुमच्या जागी गेले आणि तुम्ही जगलात. मी संध्याकाळी दिवाही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मला वेगळंच सुचलं. म्हणजे ते येत होते. सुट्टी रद्द झालेली नव्हती, गुजरातीण नव्हती, कोणी नव्हतं. पत्रात लिहिलं तसे ते खरंच घरी यायला निघाले होते. मग तुम्हाला पहिलं पत्र लिहायला बसले. त्यात ही ओळ लिहिली नाही, कारण ती तुम्ही मला सांगावी असं वाटत होतं. तीन महिने वाट पाहिली. आता माझंही वय बासष्ट आहे.

यादीत तारीख आहे, शाई आहे, पण ते का चढले हे नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. जगात आता दुसऱ्या कोणाला माहीत नाही. तुम्ही ते घेऊन गेलात, तर माझा प्रश्न तसाच राहील. मला फक्त तेवढंच हवं आहे, भाऊ. दरवाजा नको, खांदा नको.

सहा मेला पहिला रविवार आहे. बावीस वर्षांत माझी हाजिरी चुकलेली नाही. या महिन्यात चुकेल. सकाळच्या एसटीनं मी कळमेश्वरला येते. प्रेमलताला म्हणावं, चहात साखर कमी टाक.

तुळसाबाई


८ मे १९८४

देवाजीभाऊ, तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना जय भीम.

परवा तुम्ही जे सांगितलं ते मी काल वहीत उतरवलं. पुस्तकात ते तुमच्याच शब्दांत जावं असं मला वाटतं. खाली नक्कल देते. चुकलं असेल तिथं दुरुस्त करा आणि सही करून प्रेमलताबरोबर पाठवा. नको असेल तर तसं लिहा, पुस्तकात घेणार नाही, माझ्याजवळ ठेवीन.

'कराचीले मले ताप भरला. डाक्टरनं सांगितलं, उतरवा याले. लहानूची मुदत भरली होती. त्याचं नोकरीचं बुक त्याच्या हाती आलं होतं, गाडीचं तिकीट बी काढलं होतं त्यानं. सारंग म्हने, एक मानूस कमी हाय, बाहेरचा घेतो, देवाजीची जागा गेली. तवा जागा गेली म्हंजे सर्वं गेलं. गिरनीत परत कोनी घेत नव्हतं, घरी पाच जन खानारे. मी लहानूले बलावलं. तापात होतो, पन समजत होतं मले, काय मागून राहिलो. म्हनलं, एक खेप माह्या जागी कर गा. तेवढी कर, माही जागा राहीन. त्यानं इचार बी नाही केला. तिकीट खिशातून काहाडलं, पाहिलं, न् हासला. म्हने, एक खेपच त हाय.

मी बरा झालो, मुंबईले आलो, तवा जहाज गेलं होतं. नागपूरले येऊन तीन डाव तांडापेठेच्या तोंडापर्यंत गेलो न् परत फिरलो. काय सांगू? का तो माह्यासाठी गेला? मंग वीस वर्सांनी वहिनीच जिना चढून आली. तिनं विचारलं त मी गोठीत जहाजावर चढलो. जिथं मी असाले पायजे होतो, तिथं सोताले उभं केलं.'

एवढं सांगून तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. प्रेमलता चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मी तुम्हाला जे म्हटलं ते तुम्ही ऐकलं की नाही कळलं नाही, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही मागितलं, त्यांनी दिलं. त्यांना कोणी ढकललं नाही. ज्या माणसाशी मी दोन वर्षं संसार केला तो असाच होता, मागितलं की देणारा. मी त्याला ओळखत होते, पण वीस वर्षं लोकांनी मला तो दुसराच कोणी असल्याचं सांगितलं. तुमच्या दरवाजाच्या गोष्टीनं लोकांची तोंडं बंद झाली. परवाच्या गोष्टीनं माझं मन शांत झालं. दोन्हीसाठी मी तुमची ऋणी आहे, आणि तुम्ही जगलात याचाही मला आनंद आहे. हे वाक्य लिहायला मला तीन महिने लागले, पण आता ते खरं आहे.

मारोतरावांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याले म्हना, माही जीभ लांब हाय, पन मन तसं नाही. तीन जूनले मीच कळमेश्वरच्या एसटीपाशी उभा राहीन." ते खरंच उभे राहतील, त्यामुळे न येऊन तुम्ही एका म्हाताऱ्याला जून महिन्याच्या उन्हात उभं करणार का, ते ठरवा. कार्ड मी तुमच्या उशाशी ठेवून आले आहे.

आता एक राहिलं. मी निघाले तेव्हा तुम्ही दारापर्यंत आलात, चौकट धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "वहिनी, त्यानं एक निरोप देल्ला होता. बेचाळीस वर्सं माह्यापाशीच राहिला." एसटीचा हॉर्न वाजत होता. तुम्ही घाईघाईनं सांगितलंत. जहाजावर चढायच्या आधी ते दवाखान्यात तुमच्या खाटेपाशी आले होते. म्हणाले होते, "तुळसाले सांगजो, या खेपेले उशीर होईन. वाट पाहू नको म्हना, जेवून घेत जाय."

हे मी वहीत उतरवलेलं नाही. हे पुस्तकासाठी नाही.

आमच्या घरी नवऱ्याआधी बाई जेवत नसे. ते गेले तेव्हापासून मी ताट वाढून घेऊन अशी कधी जेवलेच नाही. चुलीपाशी, उभ्या उभ्या, परातीतला एक तुकडा, पातेल्यातलं उरलेलं. सासूबाई होत्या तोवर त्या ओरडायच्या, त्या गेल्यावर कोणी ओरडणारं राहिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, सवय आहे. मलाही ती सवयच वाटत होती.

परवा कळमेश्वरहून आले तेव्हा दुपार कलली होती. वरणभात लावला, वांग्याची भाजी केली. पाट मांडला, ताट वाढलं आणि मांडी घालून बसले. मग सावकाश, पोटभर जेवले. इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याचं ऐकलं.

तुमची वहिनी,
तुळसाबाई लहानू निमजे